पुण्याचे मॅलेट, माथेरानचे मॅलेट आणि सॉमरसेटची दोन गावं

नेरळच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "माथेरान शोधून काढणारे मॅलेट आणि पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज वकील मॅलेट एकाच घराण्यातले का? हे आडनाव इंग्लंडात मुळात कुठलं? जनगणनेवरून केलेल्या आडनावांच्या नकाशात शोधलं, तर एक 'एल', दोन 'एल', एक 'टी', दोन 'टी' अशी रूपं निघतात आणि ठिपके चहूकडे दिसतात. आम्ही गावाच्या माहितीफलकाचा मजकूर तयार करतो आहोत. नेमकं काय लिहावं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: हो. पुण्याचे मॅलेट वडील आणि माथेरानचे मॅलेट त्यांचे चिरंजीव. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. इंग्रजी आडनावांचा माग काढण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि मॅलेट हे त्यातलं माझं फार जिव्हाळ्याचं आडनाव आहे.

वंशावळ नेहमी खालून वर चढायची असते. आपल्याला पक्क्या माहीत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तेव्हाच्या एखाद्या सरदाराला धरून खाली उतरायला लागलो, की वाटेत कोणीही भेटला तरी तो आपलाच वाटतो. म्हणून सुरुवात पुण्यापासून.

चार्ल्स वॉर मॅलेट हा सॉमरसेट काउंटीतल्या कूम फ्लोरी या गावच्या पाद्र्याचा मुलगा. कंपनीच्या नोकरीत खंबायतेला काही वर्षं काढून तो १७८६ मध्ये पुण्याला रेसिडेंट म्हणून आला आणि १७९७ पर्यंत इथेच होता. मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली ती त्याच्यासाठी. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले तो १७९० चा पुण्याचा तह त्याच्या कारकिर्दीतला. त्या दरबाराचं थॉमस डॅनिएलने काढलेलं मोठं चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सवाई माधवराव गादीवर आणि समोर मॅलेट. सरदेसायांनी संपादित केलेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात एक अख्खा खंड त्याच्या वकिलातीचा आहे. १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यामुळे हे घराणं कागदावर आलं आणि आपलं काम पुष्कळ सोपं झालं: किताब कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद राहते, आणि त्या नोंदीला लटकून भावंडांचीही नावं टिकतात.

परत गेल्यावर १७९९ मध्ये त्याने सुझाना वेल्सशी लग्न केलं. सुझाना म्हणजे जेम्स वेल्स या चित्रकाराची मुलगी. हाच वेल्स पुण्यात राहून पेशव्यांची आणि नानांची चित्रं काढत होता, आणि गंगाराम चिंतामण तांबट हा आपला पुण्याचा चित्रकार त्याच्याबरोबर काम करत होता. वेरूळच्या लेण्यांची गंगारामने काढलेली चित्रं मॅलेटने बाहेरच्या जगापुढे नेली. गंगाराम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण मॅलेटचं नाव निघालं आणि त्याचं नाव घेतलं नाही, असं माझ्याकडून होत नाही.

चार्ल्स आणि सुझानाला आठ मुलगे झाले. थोरला अलेक्झांडर मुत्सद्दी झाला. आर्थर, जॉर्ज ग्रेनव्हिल आणि ह्यू पॉइंट्झ हे तिघं मुंबई इलाख्यात आले. आर्थर मुलकी खात्यात वर चढला. जॉर्ज घोडदळात होता. तो १८५६ च्या डिसेंबरात इराणच्या मोहिमेत बुशेरजवळ मारला गेला. आणि ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर. १८५० च्या मे महिन्यात त्याचा मुक्काम माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या चौक या गावी होता. तिथून तो वन ट्री हिलच्या बाजूने डोंगर चढला, वर झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि रामबागेच्या घळीने खाली उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा जाऊन राहिला, वाटा काढल्या, पुढे घर बांधलं. मॅलेट स्प्रिंग हा झरा त्याच्याच नावाचा.

आता ही आठ नावं जरा जवळून बघा. पुढची नावं सोडा, मधली बघा: सेंट लो, विंडम, ग्रेनव्हिल, पॉइंट्झ, वॉर. ही सगळी मुळात आडनावं आहेत. इंग्लंडातल्या जमीनदार घराण्यांत आजोळचं, पणजोळचं किंवा एखाद्या जुन्या सोयऱ्याचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून द्यायची पद्धत होती. दुर्मिळ आडनावाचा माग काढताना मला याहून उपयोगी खूण दुसरी सापडलेली नाही. वॉर हे टॉन्टनजवळच्या हेस्टरकूमचं, म्हणजे सॉमरसेटचंच घराणं. पण सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते पॉइंट्झ. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सॉमरसेटमध्ये मागे जात राहिलो की सतराव्या शतकात न्यायाधीश सर थॉमस मॅलेट भेटतो, १५८२ चा जन्म, १६६५ चा मृत्यू. राजा आणि पार्लमेंटच्या भांडणात १६४२ साली पार्लमेंटने त्याला टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, टाकलं होतं. त्याचं गाव पॉइंटिंग्टन. (या गावाचा पॉइंट्झ आडनावाशी संबंध नाही, नाव फक्त कानाला सारखं लागतं.) पॉइंटिंग्टन तेव्हा सॉमरसेटमध्ये होतं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते डॉर्सेटमध्ये गेलं. त्यामुळे सॉमरसेटची कागदपत्रं चाळून 'नोंद नाही' म्हणत परत येणारे लोक मी पाहिले आहेत. नोंद असते, फक्त ती शेजारच्या काउंटीच्या दप्तरात गेलेली असते. पुणे बॅरोनेटांची शाखा या न्यायाधीशाच्या वंशातली.

थोरली पाती ब्रिजवॉटरजवळच्या एन्मोरला होती. तिचा शेवट एका मुलीवर झाला. एलिझाबेथ मॅलेट ही त्या जमिनीची एकुलती वारस. १६६५ च्या मे महिन्यात रॉचेस्टरच्या तरुण अर्लने तिला लंडनमध्ये भर रस्त्यातून घोडागाडीत घालून पळवलं, राजाने त्याला टॉवरमध्ये धाडलं, आणि तरी १६६७ मध्ये तिचं लग्न त्याच्याशीच झालं. मॅलेटांचं एन्मोर दुसऱ्या आडनावाखाली गेलं. आडनाव दुर्मिळ का होतं याचं हे एक ठसठशीत कारण आहे. माणसं संपत नाहीत, रक्त चालू राहतं, पण जमीन मुलीबरोबर जाते आणि नाव मागे राहतं.

हेच त्याच्या साडेचारशे वर्षं आधीही एकदा झालं होतं. १२१५ मध्ये राजा जॉनकडून मॅग्ना कार्टाचं, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेचं, पालन करवून घेण्यासाठी जे २५ सरदार नेमले, त्यांत एक विल्यम मॅलेट होता, सॉमरसेटमधल्या करी मॅलेट आणि शेप्टन मॅलेट या गावांचा धनी. तो त्याच सुमारास वारला आणि मागे वारस राहिल्या मुली. त्यांतली हेलविझ ज्याला दिली त्याचं नाव ह्यू पॉइंट्झ. करी मॅलेट पॉइंट्झ घराण्याकडे गेलं.

तेराव्या शतकात मॅलेटांची जमीन ज्याच्या घरात गेली तो ह्यू पॉइंट्झ, आणि १८५० मध्ये चौकहून डोंगर चढला तो ह्यू पॉइंट्झ मॅलेट. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी कागद खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. पण अशाच ठिकाणी हात आवरावा लागतो. नावाची ही जोडी घराण्याला जुना इतिहास ठाऊक होता असं सुचवते. पिढ्यान्‌पिढ्यांची अखंड साखळी तेवढ्याने सिद्ध होत नाही. या घराण्याला आपल्या इतिहासाचं वेड होतं हे मात्र नक्की: भाऊ आर्थर याने मुंबईची नोकरी संपल्यावर १८८५ मध्ये मॅलेटांचा इतिहास छापला. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांसारखाच ग्रंथ. त्याचं मोल मोठं आहे, कारण घरातले कागद त्याच्या हाताशी होते. आणि कुलवृत्तांतांसारखाच तो वाचायचाही असतो: अलीकडच्या सात-आठ पिढ्या भरवशाने, त्यामागचं प्रत्येक नाव दुसऱ्या कागदाशी ताडून.

आता गावांच्या नावांकडे वळतो. मराठी माणसाची इथेच गफलत होते. आपल्याकडे गावावरून आडनाव येतं: चिपळूणचा चिपळूणकर. म्हणून शेप्टन मॅलेट दिसलं की वाटतं, मॅलेट या ठिकाणावरून मॅलेट झाले असतील. तिथे उलट घडलं. शेप्टन म्हणजे जुन्या इंग्रजीत मेंढरांची वाडी. सॉमरसेट मेंढ्यांचा मुलूख, त्यामुळे शेप्टनं अनेक. मग ओळखायला धन्याचं आडनाव मागे लागलं. शेप्टन मॅलेट, शेप्टन बोशँप, शेप्टन मॉन्टेग्यू, तिन्ही एकाच काउंटीत. तसंच करी मॅलेट आणि करी रिव्हेल. आपल्याकडे पिंपळगावं खंडीभर म्हणून पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव हरेश्वर म्हणतो, तशातलाच प्रकार. शेप्टन मॅलेटमध्ये जन्मलेला प्रत्येक मॅलेट जहागीरदाराचा वंशज नव्हे, आणि गावाच्या नावावरून आडनावाची उत्पत्तीही निघत नाही.

ही शेपटी कधी लागली याचाही अंदाज करता येतो. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या इंग्लंडच्या जमिनींच्या नोंदवहीत, ही गावं मॅलेटांची नाहीतच. तेव्हा ती रॉजर द कुर्सेल याच्या ताब्यात आहेत. मॅलेट तिथे येतात बाराव्या शतकात.

मग १०८६ मध्ये मॅलेट होते कुठे? इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला सफोकमध्ये. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यम द कॉन्करर याच्या बाजूने प्रत्यक्ष लढल्याचा पुरावा असलेली माणसं फार थोडी. विल्यम मॅलेट हा त्यांतला एक. लढाईत पडलेला इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याचा देह समुद्रकिनारी पुरायचं काम त्याच्याकडे दिलं, असं त्या काळचा इतिवृत्तकार सांगतो. त्याचं मूळ ठाणं नॉर्मंडीतलं ग्राव्हिल, आज ल हाव्र बंदराच्या शहरात मिसळून गेलेलं. त्याने सफोकमध्ये आय या गावी किल्ला बांधला. १०६९ मध्ये डेन लोकांनी यॉर्क घेतलं तेव्हा तो बायकामुलांसह कैद झाला. सुटला, आणि थोड्याच काळाने मेला.

त्याचा मृत्यू कसा झाला याचं वर्णन कुठेही सरळ नाही. पण डूम्सडे बुकात पूर्व इंग्लंडच्या जमिनींचे वाद नोंदवताना लेखनिकाने वेळ सांगण्यासाठी लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे: विल्यम मॅलेट दलदलीत गेला त्या दिवशी ही जमीन त्याच्याकडे होती. 'दलदलीत गेला', एवढंच. फेन्सच्या पाणथळ मुलखात हिअरवर्ड या इंग्रज सरदाराचं नॉर्मनांविरुद्ध बंड चालू होतं, त्या मोहिमेवर तो गेला आणि परतला नाही, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जमिनीच्या खात्यातल्या एका ओळीत माणसाचा शेवट असा राहून गेलेला मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

त्याच बुकात त्याचा मुलगा रॉबर्ट मॅलेट सफोकमधल्या दोनशेवर जमिनींवर नोंदलेला आहे. 'रॉबर्ट मॅलेटची आई' अशीही वेगळी खातेदार आहे. बाप मॅलेट आणि मुलगाही मॅलेट. इंग्लंडात बहुतेकांना पिढीजात आडनाव मिळायला अजून दोन-तीनशे वर्षं होती, त्या काळी हे नाव वंशाने चाललं होतं. म्हणून या आडनावाचा मान मोठा. पण रॉबर्टनंतर आयची जहागीर मॅलेटांकडे राहिली नाही. ती पुढे राजा झालेल्या स्टीफनकडे गेली. सफोकचे मॅलेट आणि नंतर सॉमरसेटमध्ये दिसणारे मॅलेट यांच्यामधला दुवा घराण्याच्या ग्रंथात सहज जोडलेला असतो, कागदावर तो पक्का नाही. नात्यातले असणं शक्य आहे, माझाही कल तिकडेच आहे, पण मी ती रेघ तुटक काढतो. ढालीवरची चिन्हंही वेगळी आहेत: ग्राव्हिलच्या मॅलेटांच्या ढालीवर तीन बकलं, सॉमरसेटच्यांच्या ढालीवर तीन शिंपले.

अर्थाबद्दल तीन-चार मतं आहेत. सगळ्यांच्या तोंडी असलेलं म्हणजे मॅलेट म्हणजे लाकडी हातोडी, सुताराची मोगरी. रणात हातोड्यासारखा पडणाऱ्याला दिलेलं टोपणनाव. दुसरं, जुन्या फ्रेंचमधला 'मलेइत', म्हणजे शापित. हे कोणाला आवडत नाही, पण नॉर्मन सरदारांची टोपणनावं गोड नसतच: जिफार्ड म्हणजे गालफुग्या. आपल्याकडे बोबडे आणि टकले आहेतच. तिसरं, सेंट मालोच्या नावाचं लाडकं रूप. चौथं, मेरीचं बोलीरूप 'मॅल' आणि त्याला लहानपणाचा प्रत्यय, म्हणजे आईच्या नावावरून पडलेलं नाव. माझं मत असं की सरदार घराण्यासाठी टोपणनावाच्या बाजूचा अर्थ धरावा. खेड्यापाड्यांतल्या मॅलेटांसाठी मेरीवरून आलेलं नाव जास्त पटतं. एकाच स्पेलिंगखाली निदान दोन आडनावं नांदत आहेत.

म्हणूनच तुमचा नकाशा गोंधळात टाकतो. एक 'एल' आणि एक 'टी'चं मॅलेट मोजकं, आणि जवळजवळ सगळं या जमीनदार घराण्याभोवतीचं. दोन 'एल', दोन 'टी'चं मॅलेट मात्र सर्वसामान्यांचं: ते नैऋत्येला डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये दिसतं आणि पूर्वेला नॉरफोकच्या बाजूलाही. या दोन पुंजक्यांना जोडणारा धागा शोधायची गरज नाही; ते स्वतंत्रपणे उगवलेले असणं जास्त संभवतं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, रजिस्टरमध्ये कारकून कानाला येईल तसं लिहायचा. एकाच बापाची तीन मुलं तीन स्पेलिंगांनी नोंदलेली सापडतात. अठराव्या शतकाआधी स्पेलिंगला पुरावा समजू नका. त्यानंतर, शिकलेल्या घराण्यात, ते बऱ्यापैकी पुरावा ठरतं.

आणखी एक गोष्ट. गाजलेल्या १८८१ च्या जनगणनेचा नकाशा शेतकरी आडनावांसाठी उत्तम, कारण ती माणसं मातीला धरून राहतात. जमीनदार-अधिकारी आडनावासाठी तो चकवतो. हर्टफर्डशरमध्ये आर्डलीला मॅलेट दिसतील. तिथे विल्यम विंडम मॅलेट, आपल्या ह्यूचा भाऊ, पाद्री म्हणून नेमलेला होता. मूळचा तिथला नव्हे. आणि अलेक्झांडरचा मुलगा एडवर्ड बाल्डविन मॅलेट, जो पुढे बर्लिनला ब्रिटनचा राजदूत झाला, तो १८८१ मध्ये कैरोत कॉन्सल जनरल होता; इंग्लंडच्या जनगणनेत तो सापडेल कसा? (लंडनच्या ब्लूम्सबरीतला मॅलेट स्ट्रीट त्याच्याच नावाचा. तो बेडफर्डच्या ड्यूकचा जावई आणि ती जमीन ड्यूकची.) अशा वेळी माणूस कुठे राहतो तो रकाना सोडून कुठे जन्मला तो रकाना वाचावा. १८५१ पासूनच्या जनगणनेत जन्माची पॅरिश नोंदलेली असते. तो रकाना घेऊन ठिपके पुन्हा मांडले की आडनाव आपल्या मुलखाकडे सरकताना दिसतं.

भारताच्या कागदांत काम करताना दुसरेही मॅलेट आडवे येतात, त्यांपासून जपा. १८७४ ते १८८३ या काळात लंडनच्या इंडिया ऑफिसात कायम उपसचिव असलेले सर लुई मॅलेट, दोन 'एल'चे. त्यांचे आजोबा जिनिव्हाचे पत्रकार, फ्रेंच क्रांतीनंतर इंग्लंडात आश्रयाला आलेले आणि १८०० मध्ये तिथेच वारलेले. सॉमरसेटशी काडीचा संबंध नाही. लुईंचा मुलगा बर्नार्ड १९०९ ते १९२० इंग्लंडचा रजिस्ट्रार जनरल, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचा प्रमुख; त्याच्या नावाचे कागद हाताळताना मीही सुरुवातीला त्याला पुण्याच्या मॅलेटांत बसवू पाहिलं होतं. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातले फ्रेडरिक मॅलेट हे भूकंपांचे अभ्यासक डब्लिनच्या रॉबर्ट मॅलेट यांचे चिरंजीव. आणि अठराव्या शतकातला डेव्हिड मॅलेट नावाचा कवी तर मूळचा स्कॉटलंडचा मॅलॉक; लंडनला आल्यावर त्याने आडनावच बदललं. दक्षिण फ्रान्समध्ये एका 'एल'चे मॅलेट आहेत, ते आपल्या वाटेने झालेले.

गुणसूत्रांच्या चाचणीचाही विचार तुम्ही कराल. लेस्टर विद्यापीठातल्या किंग आणि जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावं तपासली. आडनाव जितकं दुर्मिळ, तितके ते लावणारे पुरुष एकाच मूळ पुरुषाचे असण्याचा संभव जास्त, असं त्यातून दिसलं. पण ही चाचणी बापाकडून मुलाकडे जाणारी रेषाच दाखवते. ज्या घराण्याची जमीन दोनदा मुलींवरून बाहेर गेली, तिथे ती निम्मीच गोष्ट सांगेल.

कागदांबद्दल एक दुःखाची बाब सांगायलाच हवी. डेव्हन आणि सॉमरसेटची हजारो मृत्युपत्रं एक्सेटरच्या दप्तरात एकत्र ठेवली होती. १९४२ च्या मे महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. नैऋत्येच्या कोणत्याही आडनावावर काम करणाऱ्याला हे भगदाड रोज जाणवतं. धनिकांची मृत्युपत्रं लंडनच्या कँटरबरी कोर्टात नोंदली जायची, ती वाचली आणि आज क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. साध्या शेतकरी मॅलेटांचे बंध त्या आगीत गेले. मुंबई इलाख्यातल्या मॅलेटांसाठी मात्र ब्रिटिश लायब्ररीत मुंबईच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदवह्या आहेत, इंडिया ऑफिसच्या 'एन ३' या मालिकेत. तुम्हाला पहिल्यांदा उघडायच्या आहेत त्या याच.

राहता राहिला फलक. 'शोध लावला' असं लिहू नका, कारण डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकरी आधीपासून वावरत होते. 'ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकहून इथे आले आणि हे ठिकाण थंड हवेचं गाव म्हणून वसवायला त्यांनी सुरुवात केली. पेशवे दरबारातील रेसिडेंट सर चार्ल्स वॉर मॅलेट यांचे ते पुत्र' एवढं पुरे, आणि यातला प्रत्येक शब्द कागदावर दाखवता येईल. हेस्टिंग्जचा विल्यम फलकावर घेऊ नका. इंग्रजी मजकूर लिहिणार असाल तर मॅलेटमध्ये 'एल' एक आणि 'टी'ही एकच.